अनुभवाच्या दाखल्याची किंमत

परिचर्या अभ्यासक्रमाचे निकाल लागतात, परिषदेकडील नोंदणी यथावकाश हाती येते आणि तालुक्यातालुक्यांतून पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथील खासगी रुग्णालयांच्या दाराशी मुलींची रीघ लागते. अलीकडे त्यांत काही मुलेही असतात. तिथे त्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्न ज्ञानाविषयी नसतो, ‘अनुभव किती?’ असा असतो. कालपर्यंत विद्यार्थिनी म्हणून ज्या वॉर्डांत त्यांनी रात्रपाळ्या केल्या त्या अनुभवात धरल्या जात नाहीत. मग प्रशिक्षणार्थी या नावाखाली नेमणूक होते आणि पूर्ण परिचारिकेचे काम अर्ध्यामुर्ध्या पगारात सुरू होते. देशात परिचारिकांचा तुटवडा आहे, हे वाक्य १९४६ च्या भोर समितीपासून आजतागायत आपण ऐकत आलो आहोत आणि ते खरेही आहे. मग ज्या श्रमाची टंचाई आहे त्याचाच भाव पडलेला का, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडावा.

याचे उत्तर गरज आणि मागणी यांतील फरकात आहे. परिचारिकेची गरज रुग्णाला असते. मागणी मात्र जो पगार देतो त्याची असते. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सांगते. ते पाळायचे तर माणसे वाढवावी लागतात. ती न वाढवता एकीच्या अंगावर तिघींचे काम टाकता येते, तोवर कागदावरची टंचाई बाजारात मागणीच्या रूपाने उतरतच नाही. शासनाचेही वर्तन निराळे नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५७ नवी परिचर्या महाविद्यालये मंजूर केली, म्हणजे पुरवठा वाढविण्याची तरतूद झाली. पदांचे काय? महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांना संपावर जावे लागले, ते बाह्यस्रोतामार्फत भरतीच्या विरोधात. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासननिर्णय निघाला आणि लोकक्षोभामुळे ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. त्याच ऑक्टोबराच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत तीसहून अधिक रुग्ण दगावले होते आणि रिक्त पदांचा विषय चार दिवस सर्वांच्या तोंडी होता. चारच दिवस.

सरकारी दार असे किलकिले राहिल्यावर नवागत परिचारिकेला खासगी मालकाखेरीज पर्याय उरत नाही. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली अपूर्ण स्पर्धेवरील आपल्या ग्रंथात एकाच ग्राहकाची सत्ता असलेल्या बाजाराची मीमांसा केली. श्रमाचा ग्राहक एक किंवा मोजका असला की वेतन श्रमाच्या उत्पादकतेखाली दाबून ठेवता येते, असा तिचा आशय. परिचारिकांचा बाजार हे या सिद्धांताचे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक पेच आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या सामाईक भरती परीक्षेस बसावयाचे तर पदविकाधारक परिचारिकेला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पदवीधरांना ही अट नाही. परदेशी नोकरीसाठीही अनुभव बहुधा विचारला जातोच. म्हणजे चांगल्या नोकरीच्या दाराची किल्ली खासगी मालकाच्या खिशात आहे. तो पगार देतो तसा दाखलाही देतो, आणि दाखला देतो म्हणूनच पगार कापू शकतो.

ही कपात केवढी असते, ते आकड्यांतच पाहू. महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. पन्नास ते शंभर खाटांच्या खासगी रुग्णालयातील पगार शासकीय पगाराहून २५ टक्क्यांपेक्षा कमी असू नये, अशी केंद्र शासनाच्या समितीची शिफारस आहे. महागाई भत्ता बाजूला ठेवला तरी ही मर्यादा २६,५५० रुपये होते. समजा, साठ खाटांच्या एखाद्या रुग्णालयाने नवागतेला दरमहा १३ हजार दिले. तूट १३,५५० रुपयांची. चोवीस महिन्यांत ती ३ लाख २५ हजार २०० रुपयांवर जाते. एका कागदी दाखल्याची ही किंमत, आणि ती बहुधा शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेली शेतकऱ्याची किंवा शेतमजुराची मुलगी मोजते. अशा वीस मुली असतील तर दोन वर्षांत ६५ लाख रुपये मालकाच्या पदरात पडतात. या रकमेवर कर नाही, व्याज नाही, आणि उपकारकर्त्याचा मान वर मिळतो तो निराळाच.

एवढ्यानेही भागत नाही, म्हणून बाँड आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची प्रथा. २०११ साली मुंबईतील एका खासगी रुग्णालयातील तरुण परिचारिकेच्या आत्महत्येनंतर हा प्रश्न चव्हाट्यावर आला आणि अनेक शहरांत परिचारिका रस्त्यावर उतरल्या. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असा निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे ही घटनेच्या अनुच्छेद २३ खालील सक्तीची मजुरी होय आणि आर्थिक लाचारी हीदेखील सक्तीच. आमच्या मते बाँडचा विचार या निर्णयाच्या प्रकाशात व्हावयास हवा. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरविला, हे मालकपक्ष आता आवर्जून सांगेल. परंतु तिथे खुल्या स्पर्धेतून झालेली अधिकाऱ्याची भरती होती आणि ती पुन्हा करण्याचा बँकेवरील बोजा न्यायालयाने विचारात घेतला होता. ज्या रुग्णालयाने प्रशिक्षणावर दमडी खर्चिली नाही त्याने नुकसानभरपाई कशाची मागावी? करार अधिनियमाचे कलम ७४ वाजवी भरपाईपुरतेच जाते. बाँडात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे.

वर जिचा उल्लेख केला ती समिती सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून नेमली गेली. दोनशेहून अधिक खाटा असल्यास शासनाइतकाच पगार, शंभर ते दोनशे खाटांसाठी फार तर १० टक्के कमी, आणि पन्नास खाटांखाली निदान २० हजार, अशा तिच्या शिफारशी. केंद्राने त्या राज्यांकडे धाडल्या आणि आपले अंग काढून घेतले. केरळात मात्र जुलै २०१७ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी आंदोलन पेटविले, व्यवस्थापने न्यायालयात गेली, तरीही एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना निघाली. तिथल्या परिचारिकांची संघटना होती. न्यायालयाचा आदेश तर देशातील सर्वच राज्यांपुढे होता.

लहान रुग्णालयाच्या मालकाची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. तालुक्याच्या गावी पंधरा खाटा चालविणारा डॉक्टर स्वतःच कर्जात असतो आणि पगार वाढला की बिल वाढते, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण याचा अर्थ एवढाच की, स्वस्त उपचाराचे अनुदान आज परिचारिका आपल्या पगारातून देत आहे. जे अनुदान समाजाने शासनामार्फत द्यावयाचे, ते तेवीस वर्षांच्या मुलीकडून वसूल करणे कोणत्या न्यायात बसते? इथे ‘सेवा’ या शब्दाचा आधार घेतला जातो. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १८९७ साली देह ठेवणाऱ्या सावित्रीबाईंचे नाव घेऊन नवागतेला कमी पगारात समाधान मानावयास सांगणारे भाषण कोणत्याही सत्कारसमारंभात ऐकावयास मिळते. सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांनी विधवांना परिचर्येकडे वळविले ते त्यांनी स्वतःच्या कमाईवर उभे राहावे म्हणून, हे मात्र त्या भाषणांत येत नाही.

आता आपल्या घरातले. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्यात म्हणून आपले कार्यकर्ते झगडतात, ते योग्यच आहे. परंतु अशाच काही संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आपल्या चळवळीचे जुने स्नेही आहेत, आणि तिथला वेतनपट इतरांहून फारसा निराळा नाही. त्यांना हे तोंडावर विचारावयाचे कोणी? साखर कामगार, गिरणी कामगार, पालिका कामगार यांच्या संघटना आपण उभ्या केल्या. खासगी रुग्णालयाच्या वसतिगृहात सहा जणींच्या खोलीत राहणारी परिचारिका आपल्या सभासदनोंदणीच्या वहीत क्वचितच आढळते. ती वर्षभरात गाव बदलते, रात्रपाळीमुळे सभेला येत नाही आणि दाखल्याच्या भीतीने बोलत नाही. तेव्हा संघटनेची जुनी रीत इथे चालणार नाही.

कामाला हात निकालाच्या दिवसांतच घालावा लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या श्रमसंहितांविषयी आमचे आक्षेप कायम आहेत. पण त्यांत नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे, ते वापरावे. जिल्हा कार्यालयात एखादा वकील व एखादी निवृत्त परिचारिका आठवड्यातून एक संध्याकाळ बसली, तर सही करण्यापूर्वी बाँड वाचून घेण्याची सोय होईल आणि मूळ प्रमाणपत्रांऐवजी साक्षांकित प्रती द्याव्यात हे सांगता येईल. शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्याने नोंदणीसाठी पात्र परिचारिका असणे अपेक्षित धरले आहे. नूतनीकरणाच्या वेळी परिचारिकांच्या नोंदणीक्रमांकांसह वेतनपटही मागावा, अशी मागणी प्रत्येक महापालिकेतील आपल्या सभासदांनी लावून धरावी. आणि अनुभवाचा दाखला मालकाच्या मर्जीवर न ठेवता भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीवरून ग्राह्य धरावा, असे निवेदन राज्य व केंद्र या दोन्ही आरोग्य खात्यांकडे जावयास हवे. त्याचा मसुदा जिल्हा शाखांनी पुढील निकालांपूर्वी तयार ठेवावा.