प्रेत वर येतं, कागद खाली दाबतो



खून करायला हिंमत लागत नाही, जमाव लागतो. पण खून झाल्यावर जमावापुढे सवाल उभा राहतो: या प्रेताचं करायचं काय? जिवंतपणी ज्याला पायाखाली ठेवलं, तो मेल्यावर डोक्यावर बसतो.

गोदीत घाम गाळणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. बुडालेला माणूस परत येतो. मॅट्रिकच्या पुस्तकात हे नव्हतं, धक्क्यावर कळलं. कारण मागाहून वाचलं. माणूस मेला तरी त्याच्या आतड्यातले जंतू मरत नाहीत. ते खात राहतात, वायू सोडत राहतात. पोट फुगतं, छाती फुगते, तळाला गेलेलं शरीर वर उसळतं. आपल्याकडच्या उबदार पाण्यात दोन-तीन दिवस पुरतात, गार पाण्यात जास्त लागतात. प्रेताला वजन बांधलं तर वायू त्या वजनाशी भांडतो. पुष्कळदा जिंकतो.

१९५५ च्या ऑगस्टात अमेरिकेतल्या मिसिसिपीत तो असाच जिंकला. एमेट टिल, १४ वर्षांचा काळा पोरगा, शिकागोहून नातेवाइकांकडे सुट्टीला आलेला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला, एवढाच आरोप. २८ ऑगस्टला पहाटेच्या अंधारात त्याला घरातून उचलला. मारला. कापसाच्या जिनातला साधारण ३४ किलोचा लोखंडी पंखा काटेरी तारेने गळ्याला बांधला आणि टॅलाहॅची नदीत लोटला. ३१ ऑगस्टला मासे धरणाऱ्या एका पोराला पाण्यावर आलेले पाय दिसले. तोंड ओळखण्यापलीकडचं. पण बोटात बापाची अंगठी होती, तिच्यावर बापाची आद्याक्षरं. अंगठीने साक्ष दिली.

नदीला जमलं नाही ते करायला मग सरकार निघालं. शेरीफला प्रेत तिथंच, ताबडतोब पुरायचं होतं. खड्डासुद्धा खणून झाला होता. आई, मॅमी टिल, शिकागोत अडून बसली. माझं पोर मला द्या! पेटी उघडायची नाही अशी ताकीद देऊन पेटी धाडली. तिने ती उघडली आणि जगासाठी उघडीच ठेवली. हजारो माणसं रांगा लावून पोराचं तोंड बघून गेली. ‘जेट’ साप्ताहिकाने फोटो छापले.

कोर्टात शेरीफ म्हणतो, प्रेत गोऱ्याचं की काळ्याचं, सांगता येत नाही. पण नदीकाठावरून ते उचलायला त्याने काळ्याच माणसाला बोलावलं होतं. म्हणजे प्रेताची जात त्याला बरोब्बर कळली होती! सगळ्या गोऱ्या ज्यूरीने ६७ मिनिटांत दोघा आरोपींना सोडलं. १९५६ च्या जानेवारीत ‘लुक’ मासिकाकडून पैसे घेऊन त्याच दोघांनी खून केल्याचं सांगून टाकलं. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा पुन्हा खटला नाही. कायदा म्हणतात याला.

पन्नास वर्षांनी, २००५ मध्ये, एफबीआयने कबर उकरली. नातेवाइकाच्या डीएनएशी डीएनए जुळला. कवटी फुटलेली, मनगटं मोडलेली, कवटीत छऱ्यांचे तुकडे. ‘हे प्रेत त्याचं नव्हेच’ हा बचाव त्या दिवशी मेला. पण दोन्ही मारेकरी त्याआधीच आपल्या मरणाने मरून गेले होते. शिक्षा कुणालाच नाही.

पाण्याचं हे असं. मातीचं? खणलेली माती पहिल्यासारखी बसत नाही. पावसात खचते, तिच्यावरचं गवत शेजारच्या गवताहून निराळं उगवतं. चुन्याने प्रेत विरघळतं ही थाप आहे. चुना उलट सडणं लांबवतो. उघड्या आगीत मांस जातं, हाडं आणि दात राहतात. १९८४ मध्ये इंग्लंडात अॅलेक जेफ्रीझने डीएनएवरून माणूस ओळखायची रीत काढली. तेव्हापासून एक दातसुद्धा नाव सांगू शकतो. पण तो दात ताडून बघायला आईचं, भावाचं रक्त लागतं. शास्त्राला मागणारं माणूस लागतं. मॅमी अडून बसली नसती तर त्या हाडांना कुणी विचारलं असतं?

१९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडे बघून. तिथली नदी सोडून आता आपल्या कालव्यावर या.

भंडारा जिल्हा, खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे, तिची मुलगी, दोन मुलगे. गावातल्या जमावाने मारले, कालव्यात टाकले. कालव्याने परत दिले. पण पहिलं पोस्टमॉर्टेम कसंबसं उरकलं. ओरड झाल्यावर प्रेतं उकरून दुसरं केलं, तोवर शरीरं सडलेली. २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, सहा फाशी. २०१० मध्ये हायकोर्टाने त्यांची २५ वर्षांची कैद केली. आणि कोर्टात बलात्कार उभा राहिला नाही, अॅट्रॉसिटी टिकली नाही. चार प्रेतं सापडली, जात सापडली नाही!

हाथरस, २०२०. पोरगी २९ सप्टेंबरला दिल्लीच्या इस्पितळात मेली. त्याच रात्री, ३० च्या पहाटे, घरच्यांना घरात अडवून पोलिसांनी चिता पेटवली. न्यायवैद्यक नमुने घेतले ते हल्ल्यानंतर ११ दिवसांनी. दुसऱ्या तपासणीची वाटच जाळून टाकली.

तेव्हा नीट समजून घ्या. दगड बांधणारा खुनी अडाणी आहे, त्याचं प्रेत वर येतं. खरं लपवणं होतं ते पंचनाम्यात, उशिरा घेतलेल्या नमुन्यात, घाईच्या चितेत. शवागारात प्रेत चिरणारा हात पुष्कळदा आपल्याच माणसाचा असतो. सही दुसऱ्याची.

म्हणून ही कामं आपली. वस्तीत संशयाचं मरण झालं की पंचनाम्याला हजर राहा, वाचल्याशिवाय सही करू नका. प्रत्येक जखम लिहून घ्यायला लावा. पोस्टमॉर्टेमचं चित्रीकरण मागा, लेखी मागा, अर्जाच्या नकलेवर पोच घ्या. कपडे धुऊ नका, फेकू नका. सात वर्षं आणि त्यावर शिक्षेच्या गुन्ह्यात जागेवर न्यायवैद्यक तज्ज्ञ नेण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत आहे. अंमलाला राज्यांना पाच वर्षांची सवलत दिलीय, ती सबब ऐकून घेऊ नका. आणि संशय असेल तर जाळू नका, पुरा. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने पुरलेलं वर काढता येतं. राखेवर जखम दिसत नाही.

गावकीने आपल्या आज्यापणज्यांच्या माथी मेल्याची खबर पोचवायचं काम मारलं होतं. पाटलाच्या मौतीचा सांगावा घेऊन ते अनवाणी कोस-कोस पळाले. बाबासाहेबांनी ते काम टाकायला लावलं, आपण टाकलं. आता एकच सांगावा पोचवायचा: आपल्या मेलेल्यांचा. आणि तो प्रेत थंड व्हायच्या आत पोचला पाहिजे.

जय भीम!