आपत्काळातील रायफल : हलकेपणाचा हिशेब

अमेरिकेत गेल्या काही दशकांत ‘सज्जतेचे वाङ्मय’ म्हणता येईल असा एक स्वतंत्र लेखनप्रकार रुजला आहे. भूकंप, वादळ, दीर्घकाळ वीज जाणे किंवा राज्ययंत्रणेचा संपूर्ण विलय अशा प्रसंगी घरात काय असावे, याच्या याद्या हे त्याचे मुख्य अंग. या याद्यांत पाणी, धान्य आणि औषधे यांच्यामागोमाग हमखास एक वस्तू येते : .२२ रिमफायर जातीची हलकी रायफल. ती कोणती घ्यावी आणि तिच्यावर काय काय चढवावे, यावर तिकडे अक्षरशः ग्रंथ लिहिले गेले आहेत. साहित्यचर्चेच्या या पानावर हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, माणूस संकटाची कल्पना कशी करतो हे त्याने संकटासाठी निवडलेल्या वस्तूंवरून जितके कळते, तितके त्याच्या भाषणांवरून कळत नाही. शिवाय अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

प्रथम वस्तूची ओळख. बहुतेक काडतुसांत ठिणगी देणारे द्रव्य बुडाच्या मध्यभागी बसवलेल्या टोपीत असते. रिमफायर काडतुसात ते बुडाच्या कडेत भरलेले असते आणि रायफलीची पिन त्या कडेवर आघात करते. त्यामुळे काडतूस स्वस्त पडते, पण एकदा उडाले की पुन्हा भरता येत नाही. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे. मराठी वाचकांस ते अगदीच परके नाही. महाविद्यालयात एनसीसी केलेल्या अनेकांनी जमिनीवर पालथे पडून आयुष्यातील पहिली गोळी याच व्यासाच्या रायफलीतून झाडली असेल. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातही हेच काडतूस वापरतात. मात्र त्या स्पर्धेतील रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते, कारण वजन नेम स्थिर ठेवते. आपत्काळाच्या रायफलीची अपेक्षा नेमकी उलट असते : ती पाठीवर वाहायची असते.

आता प्रश्न असा की, कोणत्या आपत्तीसाठी? येथेच या वाङ्मयाची पहिली गफलत होते. २००५ च्या ऑगस्टअखेरीस कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हा लुटारूंच्या टोळ्यांच्या अफवा सर्वत्र पसरल्या. प्रत्यक्षात ४ सप्टेंबर रोजी डॅन्झिगर पुलावर निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनी, आणि त्यात दोघांचा जीव गेला. रिबेका सोल्निट यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, आपत्तीत सामान्य माणसे बहुधा एकमेकांना सावरतात आणि भेदरतात ते सत्ताधारी. याची साक्ष आम्हांला परदेशात शोधावी लागत नाही. कॅटरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या रात्री मुंबईत अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतले, चहा पाजला, दोर धरून पाण्यातून ओढून काढले. त्या रात्री उणीव भासली ती दोराची, विजेरीची, पिण्याच्या पाण्याची आणि घरी निरोप पोचवण्याच्या साधनाची. बंदुकीची उणीव भासल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अमेरिकी सरकार नागरिकांसाठी जी आपत्कालीन यादी प्रसिद्ध करते तिच्यात माणशी दररोज एक गॅलन पाणी आहे, रेडिओ आहे, शिट्टीदेखील आहे, शस्त्र नाही.

तेव्हा शेजाऱ्यापासून बचाव हा हेतू आम्ही बाजूस ठेवतो. .२२ त्यासाठी बनलेलीही नाही. तिचा प्रामाणिक हेतू एकच : ससा, खार, रानकोंबडा अशी लहान शिकार. या हेतूचाही हिशेब मांडून पाहावा. एका .२२ काडतुसाचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. पाचशे काडतुसे म्हणजे पावणेदोन किलो. अमेरिकेत अत्यंत लोकप्रिय असलेली रुगर १०/२२ ही रायफल सव्वादोन किलोच्या आसपास भरते. एकूण चार किलो. आता तितक्याच वजनाचे शेंगदाणे घ्या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६५ उष्मांक असतात. चार किलोंत बावीस हजारांहून अधिक. म्हणजे एका माणसाचे दहा दिवसांचे अन्न, तेही चुलीशिवाय आणि नेम न धरता. उलट शंभर ग्रॅम रानसशाच्या मांसात जेमतेम ११५ उष्मांक असतात आणि चरबी जवळजवळ नसते. केवळ सशांवर राहणारा माणूस पोट भरूनही खंगतो. उत्तरेकडील प्रवाशांना हा अनुभव इतका परिचित होता की, त्यांनी त्याला ‘सशांची उपासमार’ असेच नाव दिले. आठवडाभराच्या आपत्तीत रायफल शेंगदाण्यांपुढे हरते, हे सज्जतेच्या लेखकांनी एकदा स्वच्छ मान्य करावे.

मग ती जिंकते कोठे? जेथे वस्ती शेकडो मैल दूर आहे आणि मुक्काम आठवड्यांचा होऊ शकतो, तेथे. या रायफलींचा जन्मच तशा गरजेतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाला विमान कोसळल्यास वैमानिकाच्या हाती काही असावे असे वाटले. १९५६ मध्ये आर्मलाइट कंपनीची घडी होणारी एआर-५ स्वीकारली गेली. तिच्याच धर्तीवर यूजीन स्टोनर यांनी नागरिकांसाठी .२२ लाँग रायफलची एआर-७ रचली, ती १९५९ मध्ये बाजारात आली. तिची नळी, यंत्रभाग आणि मॅगझिन तिच्याच पोकळ दस्त्यात मावतात आणि बांधलेले गाठोडे पाण्यावर तरंगते. आज हेन्री कंपनी ती बनवते. वजन सुमारे १.६ किलो, घडीची लांबी ४२ सेंटिमीटर. अलास्काच्या कायद्यात विमानातील सामानात शस्त्राची सक्ती एकेकाळी होती, पुढे ती वगळण्यात आली. मासे धरायचे गळ व दोरी मात्र यादीत राहिली. हा बदल आम्हांला फार बोलका वाटतो. गळ रात्रभर पाण्यात राहून आपणहून काम करतो. रायफलीला जागा माणूस लागतो.

एवढे सारे लक्षात घेऊनही ज्याला रायफल घ्यायची आहे, त्याच्यासाठी निवडीचा विचार करू. पहिला मुद्दा घडीचा. सुटी होणारी रायफल पिशवीत मावते, पण प्रत्येक जोडणीनंतर ती पूर्वीच्याच ठिकाणी गोळी मारील का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर नेमाची साधने कोठे बसवली आहेत यावर अवलंबून असते. एआर-७ मध्ये पुढचा काटा नळीवर आणि मागचे छिद्र यंत्रभागावर असते. जोड जरा हलला की नेमही हलतो. रुगरने २०१२ मध्ये काढलेल्या सुट्या होणाऱ्या १०/२२ मध्ये कारखान्याहून आलेले दोन्ही काटे नळीवरच असतात. नळी काढली-बसवली तरी त्यांचे परस्परांशी नाते बदलत नाही. पण त्याच रायफलीच्या यंत्रभागावर दुर्बीण चढवली, की तोच दोष परत येतो. म्हणजे हौसेने घेतलेली महागडी दुर्बीण येथे मूळ रचनेतील शहाणपण पुसून टाकते.

दुसरा मुद्दा यंत्रणेचा. स्वयंचलित भरणी होणारी रायफल काडतुसाच्या जोरावर चालते. जोर कमी-अधिक झाला किंवा गोळीच्या टोकाचा आकार पसंत पडला नाही, की अडते. हाताने खिट्टी ओढून भरायची बोल्ट-ॲक्शन रायफल मंद असते, पण मिळेल ते काडतूस पचवते. सशाला दुसरी गोळी सहसा मिळत नाहीच, मग वेगाचा सोस कशाला? आमचे मत साध्या, पूर्ण लांबीच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीकडे झुकते. विमानात किंवा होडीत जागाच नसेल, तर मात्र घडीच्या रायफलीला पर्याय नाही.

तिसरा मुद्दा साजाचा. पाठीवर अडकवायला पट्टा, दोन जादा मॅगझिने, नळी पुसण्याची दोरी, तेलाची लहान बाटली, कान व डोळे झाकण्याची साधने आणि कुलूप. यादी येथे संपते. बाजार मात्र येथून सुरू होतो : दिवे, दुपायी टेकू, वजनदार नळ्या, सैनिकी दिसणारे दस्ते. सव्वादोन किलोंची रायफल पाहता पाहता चार किलोंची होते, आणि जिच्या हलकेपणासाठी ती घेतली ती गोष्टच उरत नाही. हा साज सशासाठी नसतो, आरशासाठी असतो.

चौथा आणि आमच्या मते निर्णायक मुद्दा सरावाचा. .२२ ची गोळी ५० यार्डांवर नेम जुळवला तर १०० यार्डांवर सुमारे १५ सेंटिमीटर खाली पडते. म्हणजे अंतराचा अंदाज चुकला की शिकार गेली, किंवा त्याहून वाईट, जखमी होऊन बिळात मेली. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. वर्षाकाठी शेकडो गोळ्या झाडूनच येतो. स्वस्त काडतूस हे .२२ चे खरे भांडवल आहे, ते याचसाठी. डिसेंबर २०१२ नंतर अमेरिकेत लोकांनी भीतीपोटी या काडतुसांचे इतके साठे केले की, पुढे बराच काळ दुकानांतून ती मिळेनाशी झाली. साठा करणाऱ्यांच्या तळघरांत हजारो काडतुसे पडून राहिली आणि सराव करू पाहणारी मुले रित्या हाताने परतली. सज्जतेच्या नावाखाली सज्जतेचाच घात झाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

येथे एका कादंबरीची आठवण अप्रस्तुत ठरू नये. गॅरी पॉल्सन यांची ‘हॅचेट’ ही किशोर-कादंबरी १९८८ साली न्यूबेरी मानाची धनी झाली. विमान कोसळून कॅनडाच्या अरण्यात एकटा पडलेला तेरा वर्षांचा ब्रायन केवळ एका कुऱ्हाडीच्या आधारे तग धरतो. अखेरीस बुडालेल्या विमानातून आपत्कालीन सामान त्याच्या हाती लागते, त्यात.२२ ची घडीची रायफल असते. वाचकाला वाटते, आता सुटला. पण रायफल हाती येताच ब्रायनला अस्वस्थ वाटते. ज्या रानाला ओळखून, त्यात मिसळून तो जगला, त्या रानापासून ही वस्तू आपल्याला तोडते आहे, असे जाणवून तो ती बाजूला ठेवतो. त्याची सुटका होते ती त्याच सामानातील संदेशयंत्रामुळे. पॉल्सन यांनी बंदुकीविरुद्ध प्रचार केलेला नाही. साधन माणसाची नजर कशी बदलते, एवढेच दाखवले आहे. सज्जतेच्या शेकडो पुस्तिकांत न सापडणारे हे निरीक्षण मुलांसाठी लिहिलेल्या एका कादंबरीत सापडावे, हे साहित्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा तिला एक अपवाद. राज्यांचे कायदे निरनिराळे आहेत, ते आधी वाचावेत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. वीस वर्षांत एकदा येईल अशा वादळासाठी घेतलेली रायफल बाकीचे सर्व दिवस घरात असते, त्या घरात पौगंडावस्थेतील मुले असतात आणि कोणाच्याही आयुष्यात येते तशी एखादी काळी रात्र असते. म्हणून साजाच्या यादीत आम्ही कुलूप घातले आहे, आणि त्याचे स्थान दुर्बिणीच्या कितीतरी वर आहे.

तेव्हा आमचा अभिप्राय असा : ज्याच्याजवळ रान आहे, शिकारीचा परवाना आहे, वर्षभर सरावाची चिकाटी आहे आणि कुलपाची शिस्त आहे, त्याने साधी, हलकी, विनाअलंकार .२२ रायफल जरूर घ्यावी. ती त्याला आपत्तीविनाही उपयोगी पडेल, आणि म्हणूनच आपत्तीतही पडेल. यांपैकी एकाचीही उणीव असलेल्याने त्या पैशांतून पाण्याची पिंपे, विजेरी, मासे धरायची दोरी आणि चार किलो शेंगदाणे घ्यावेत. उरलेल्या वेळात शेजाऱ्यांची नावे विचारून ठेवावीत.