पऱ्हाटीला पॉलिएस्टरचं कुंपण



पऱ्हाटी उपटायचं काम सुरू झालंय आणि धुऱ्याधुऱ्यावर साड्यांच्या चिंध्या लोंबताहेत. डुकरं आणि रोह्यांपायी आपण बाजारातून जुन्या साड्यांचे गठ्ठे आणतो, वावराला चौफेर बांधतो. त्याबद्दल माझं भांडण नाही. तारेचं कुंपण, झटका मशीन सगळ्यांना परवडत नाही, आणि एका रात्रीत डुकरं काय करून जातात ते ज्याचं गेलं त्यालाच कळतं. माझं भांडण आहे हंगाम संपल्यावर ऐकू येणाऱ्या एका वाक्याशी : "राहू दे ना भाऊ, कापडच हाय, कुजून जाईल."

नाही कुजत. आजीचं सुती लुगडं कुजायचं, ही साडी नाही कुजत.

सूत म्हणजे सेल्युलोज, काडीकचऱ्यात असतं तेच. ओलाव्याच्या, जित्या मातीत पातळ सुती कापड दोन-तीन महिन्यांत विरतं. जाड जीनला जास्त दिवस लागतात. तागाचं पोतं तर एका पावसाळ्यात हातात धरवत नाही. लोकरीचं घोंगडं सुतापेक्षा दमानं कुजतं, पण जाताना मातीला नत्र देऊन जातं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजून फाटायला लागले. तिथं सापडलेल्या बुरशीचं नाव पुढं ट्रायकोडर्मा रीसी पडलं. आपण शेणखतात मिसळतो ती ट्रायकोडर्मा तिचीच भावकी. स्वित्झर्लंडमध्ये 2021 साली तिथल्या अ‍ॅग्रोस्कोप या सरकारी संस्थेनं लोकांना चक्क सुती चड्ड्या मातीत पुरायला लावल्या. चड्डी जितकी जास्त खाल्ली गेली तितकी माती जिती. हसू नका, आपल्या कितीतरी वावरांत त्या चड्डीला धक्का लागणार नाही.

आता पॉलिएस्टर. हा दगडी तेलापासून केलेला धागा, पाण्याच्या बाटलीचाच भाऊ. मातीतल्या जिवाणूंना तो पचत नाही. कुणी म्हणतं कुजायला 20 वर्षं, कुणी म्हणतं 200. अहो, या धाग्याचं पेटंटच 1941 चं! 200 वर्षं थांबून बघितलंय कुणी? उन्हानं साडी जिरते, भुगा होतो, आणि आपल्याला वाटतं कुजली. ती फक्त बारीक झाली. मातीत गेल्यावर तर ऊनही लागत नाही. टेरीकॉटमध्ये सुताचा भाग जातो आणि पॉलिएस्टरची जाळी मागं राहते.

वर त्यावरून रोटाव्हेटर फिरवायचा. मग अर्धा दिवस शाफ्टला गुंडाळलेली साडी विळ्यानं कापत बसायचं. जे कापलं ते वावरातच. धुऱ्यावर सोडलेल्या गाईच्या पोटात चिंधी गेली तर डॉक्टरला बोलवा.

कृषी खात्याच्या मंडळींनाही विचारतो. साडीचं कुंपण 'कमी खर्चाचा उपाय' म्हणून सांगता, पण मी ऐकलेल्या एकाही सल्ल्यात ती सोडायची कधी हे नव्हतं. मल्चिंग पेपर गोळा करा म्हणून सांगता ना? मग साडी काय वेगळी आहे?

आणि आपलं तर नवलच. कापसाला भाव नाही म्हणून रडायचं आणि त्याच कापसाभोवती पॉलिएस्टर गुंडाळायचं. जगातल्या एकूण धाग्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, कापूस जेमतेम पाचवा हिस्सा. ज्यानं आपला बाजार खाल्ला त्यालाच वावरात मुरवतोय.

करायचं काय? पऱ्हाटी उपटायच्या आधी साड्या सोडा. धड असतील त्या गुंडाळून कोठ्यात टांगा, पुढच्या साली चालतात. चिंध्या वेचून पोत्यात भरा. पेटवू नका, तो धूर वाईट. कापड कोणतं कळत नसेल तर एक दोरा काडीनं पेटवून बघा : सुताचा कागदासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो.

ज्याला अजूनही पटत नसेल त्यानं मृगात एक सुती पंचा आणि त्याच मापाचा साडीचा तुकडा शेजारीशेजारी वीतभर खोल पुरावा, वर तुराटी रोवून ठेवावी. पोळ्याला उकरा आणि दोन्हींचा फोटो इथंच टाका.