दिसला नाही, तरी सापडला!

मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण विषय आपल्या होस्टेलचा आहे, म्हणून मराठीतच लिहितेय.

आपल्या रक्तदान शिबिरात मी रक्त दिलं. फॉर्मवर 'अलीकडे टॅटू काढला आहे का?' या प्रश्नापुढे बिनधास्त 'नाही' लिहिलं. खरं तर तीनच आठवड्यांपूर्वी मामाच्या गावच्या जत्रेत हातावर फुलपाखरू गोंदवून घेतलं होतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, ते रक्त तपासतातच की! कशाला टेन्शन घेतेस?" मलाही पटलं.

रात्री सहज हेपटायटिस सी बद्दल वाचायला घेतलं आणि झोपच उडाली. १९७० च्या दशकात अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांच्या लक्षात आलं, की रक्त चढवलेल्या कित्येक पेशंटना यकृताचा आजार होतोय, पण तो हेपटायटिस ए नाही आणि बी पण नाही. मायक्रोस्कोपखाली गुन्हेगार काही हाती लागेना. शेवटी १९८९ मध्ये मायकेल हॉटन यांच्या टीमने त्याला न बघताच पकडलं! लागण झालेल्या चिंपांझीच्या रक्तातल्या जनुकांचे तुकडे बॅक्टेरियात घातले, आणि पेशंटच्या रक्तातल्या अँटिबॉडी कुठल्या तुकड्याचं प्रोटीन ओळखतात ते पाहिलं. सुमारे दहा लाखांतून एक निघाला. ओळख आधी, फोटो नंतर. या विषाणूच्या शोधासाठी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं.

त्यातूनच रक्ताची टेस्ट आली. पण ती अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला शरीराला काही आठवडे लागतात. विषाणूचा आरएनए शोधणारी नॅट टेस्ट हा काळ कमी करते, पण शून्य नाही. शिवाय ती सगळ्याच रक्तपेढ्यांत होत नाही. म्हणजे माझं फुलपाखरू टेस्टमधून आरामात उडून गेलं असतं!

सकाळी उठून रक्तपेढीला फोन केला. तिथल्या मॅडम ओरडल्या नाहीत. नंबर विचारून माझी बॅग बाजूला काढली, वर थँक्यू म्हणाल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं म्हणणं एवढंच, की मशीनच्या आधीची टेस्ट म्हणजे तो फॉर्म, आणि ती आपल्याशिवाय कोणी करू शकत नाही. शिबिर घेणाऱ्या सरांना एक विनंती: फॉर्म भरायला एक शांत कोपरा द्या. मैत्रिणी खांद्यावरून वाचत असताना खरं कोण लिहिणार? आणि खरं सांगून परत गेलेल्यांनाही सर्टिफिकेट द्या. त्यांनीही कोणाचा तरी जीव वाचवलेला असू शकतो.