फडावरचे इनाम

2025 च्या जुलै महिन्यात, विधिमंडळात बसलेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातातील मोबाईलवर रमीचा डाव दिसतो, असे चित्रण आमदार रोहित पवार यांनी प्रसिद्ध केले. आपण खेळत नसून पडद्यावर आलेली जाहिरात दूर सारीत होतो, असा खुलासा मंत्रिमहाशयांनी केला, तरी महिनाअखेरीस त्यांचे कृषिखाते आमच्या इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे आले आणि भरण्यांकडील क्रीडाखाते कोकाट्यांकडे गेले. उसाच्या या मुलखाला त्या अदलाबदलीचा आनंद व्हावा हे स्वाभाविकच होते. परंतु ज्याच्याकडील महत्त्वाचे खाते काढून घ्यावयाचे त्याच्या पदरी क्रीडाखाते घालावे, ही गोष्ट मला तेव्हा बोचली आणि अजूनही बोचते.

खेळाचे मोल पाहावयाचे तर आमच्या मुलखात पाहावे: नीरा-भीमेच्या काठी जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा नारळावर लागणाऱ्या पोरसवदा जोडीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत हलगी कडाडत राहते, पंच सर्वांच्या डोळ्यांदेखत निकाल देतात, आणि मुख्य म्हणजे इनामाची रक्कम गावाच्या वर्गणीतून उभी राहते. मल्ल सातबारा पणाला लावून मातीत उतरत नाही, म्हणून चितपट झाला तरी त्याचे घर उभे राहते आणि पुढल्या वर्षी तो पुन्हा जोड मागावयास येतो. आषाढवारीत तुकोबांच्या पालखीचे बेलवाडीस होणारे गोल रिंगण पाहावे, तर तेथे घोडे वाऱ्यासारखे धावतात, टाळकरी धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या बायाही धावतात, आणि जिंकले कोण हा प्रश्न एवढ्या जनसमुदायात कोणास सुचतसुद्धा नाही. या गोष्टीचे मला फार दिवसांपासून कुतूहल आहे.

मंत्र्यांच्या मोबाईलवर दिसलेल्या त्या रमीकडे वळावे, तर 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविल्यापासून वादाचा सारा रोख कौशल्य की नशीब याच प्रश्नावर राहिला, आणि पुढे त्याच आडोशाने मोबाईलवरील पैशाच्या खेळांचा व्यापार फोफावला. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने तो प्रश्नच बाजूस सारला: कौशल्य असो वा नशीब, ऑनलाइन खेळात पैज आली की तो निषिद्ध, असा खेळ चालविणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली, बक्षिसासही मुभा ठेवली. पैज आणि इनाम यांतील जो भेद आमच्या फडांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला, तोच येथे सरकारदरबारी मान्य झाला, असे मी समजतो, आणि म्हणून या कायद्याचे मनापासून स्वागत करतो.

बारामतीच्या वसतिगृहांतून रात्री पबजीची आवृत्ती असलेल्या बीजीएमआयवर चौघांचा संघ करून खेळणाऱ्या मुलांना घरची मंडळी जुगारी म्हणतात, ते अन्यायाचे आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकाचा मान होता. या मुलांची उणीव एवढीच की त्यांना फड नाही, पंच नाही, आणि त्यांची हारजीत वडीलधाऱ्यांच्या दृष्टीस पडत नाही. क्रीडाखात्याने तालुका क्रीडासंकुलात एक दालन त्यांच्यासाठी राखावे, मोठा पडदा लावावा, नेमलेला पंच बसवावा आणि सामन्यांच्या वेळी त्यांच्या आईबापांना पुढच्या रांगेत बोलवावे.