हरल्यावर कोणाला काढायचे?

भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर २२ जानेवारी २०२३ च्या रात्री भारतीय हॉकी संघ न्यूझीलंडकडून हरला आणि विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरीही न गाठता स्पर्धेबाहेर गेला. आधी २-० आणि मग ३-१ अशी आघाडी हातात होती. ती टिकली नाही. ३-३ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये ४-५ अशी हार पत्करावी लागली. मैदान आपले, प्रेक्षक आपले, आणि दीड वर्षापूर्वी टोकियोत मिळवलेले ऑलिम्पिक कांस्यपदक गाठीशी. १९७५ साली क्वालालंपूरला जिंकलेल्या विश्वचषकानंतर या स्पर्धेत आपल्याला एकही पदक मिळालेले नव्हते. रामाचा वनवास चौदा वर्षांत संपला; आपला अठ्ठेचाळीस वर्षे होऊनही संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून देशभरातल्या हॉकीप्रेमींमध्ये जी चर्चा सुरू झाली, ती कोणत्याही मोठ्या पराभवानंतर होते तशीच होती. तिचे सरळ तीन तट पडले. पहिल्याचे म्हणणे, कर्णधार हरमनप्रीत सिंगवर नेतृत्वाचे ओझे पडले आणि त्यामुळे त्याचा पेनल्टी कॉर्नरवरचा हुकमी फटका हरवला. दुसऱ्याचे म्हणणे, दोष प्रशिक्षक ग्रॅहॅम रीड यांचा. आघाडी राखायला शिकवत नाही तो कसला प्रशिक्षक? तिसरा तट जुना आणि कडवा. परदेशी माणसाला आपल्या मुलांचे मन काय कळणार, हा त्याचा सवाल. पण तिन्ही तटांचा शेवटचा प्रश्न एकच होता. कोणाला काढायचे?

हा प्रश्न आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. दहावीच्या चाचणीत मुलाला गणितात मार्क कमी पडले की आपण आधी क्लास बदलतो. मुलाला नेमके काय येत नाही, हे पाहायला वेळ लागतो. क्लास एका दिवसात बदलता येतो. हॉकीतही तेच होते. म्हणूनच कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्या हातात नेमके काय असते, हे आधी पाहिले पाहिजे.

आपली नजर क्रिकेटवर तयार झालेली. तिथे कर्णधार म्हणजे सेनापती. तो गोलंदाज बदलतो, क्षेत्ररचना लावतो, नाणेफेक जिंकून काय करायचे ते ठरवतो. हॉकीच्या कर्णधाराला यातले फारसे काही करता येत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, आणि खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करण्याची मुभा. कोण कधी बसणार आणि कोण कधी उतरणार, हे सारे बाकावरून ठरते. स्वतः कर्णधारालाही दर थोड्या वेळाने बाहेर येऊन दम घ्यावा लागतो. म्हणजे सामन्याची सूत्रे बरीचशी प्रशिक्षकाकडे असतात. कर्णधाराकडे उरते ते एकच, पण अवघड काम. आघाडी निसटू लागली, पाय जड झाले, की दहा जणांची डोकी ठिकाणावर ठेवायची.

हरमनप्रीतकडे याखेरीज आणखी दोन कामे होती. बचावफळीत उभे राहायचे आणि पेनल्टी कॉर्नरवर गोल करायचा. एका माणसावर तीन जबाबदाऱ्या टाकाव्यात का, हा पहिल्या तटाचा प्रश्न म्हणून अगदीच गैर नव्हता. पण प्रश्न विचारणे वेगळे आणि फाशीचा दोर वळणे वेगळे.

दोर वळण्याची आपली परंपरा जुनी आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरवले. हॉकी अकरा जणांचा खेळ, पण सात गोलांचे खापर फुटले ते एकट्या गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या डोक्यावर. त्यांच्या निष्ठेवरही शंका घेतली गेली. पुढे याच नेगींनी गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून काम केले आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाला घडवण्यात त्यांचा हातभार लागला. माणूस तोच होता. वीस वर्षे त्याने काय सोसले असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

हरल्यावर काढतात, हे एक वेळ समजू शकते. आपल्याकडे जिंकल्यावरही काढले आहे. १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकला आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकले. १९६६ नंतर प्रथमच, म्हणजे बत्तीस वर्षांनी. या यशाचे बक्षीस काय मिळाले? धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर आणि प्रशिक्षक महाराजकृष्ण कौशिक यांनाही नारळ. कारण ‘विश्रांती’चे सांगण्यात आले, भत्त्यांबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा आहे, असे हॉकीच्या वर्तुळात उघड बोलले गेले.

पुढचा प्रसंग २००४ चा. अथेन्स ऑलिम्पिक काही आठवड्यांवर आले असताना प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणले गेले. आदल्याच वर्षी राजिंदर यांच्या संघाने पाकिस्तानला नमवून पहिल्यांदा आशिया चषक जिंकला होता. वऱ्हाड दारात आल्यावर आचारी बदलावा, तसला हा प्रकार. भारत सातवा आला.

मग २००८. मुंबईचे जोकिम कार्व्हालो प्रशिक्षक होते. २००७ च्या सप्टेंबरात चेन्नईला त्यांच्या संघाने आशिया चषक जिंकला, तेव्हा त्यांचे कौतुक झाले. सहा महिन्यांनी चिलीतल्या सँटियागोला ग्रेट ब्रिटनने पात्रता सामन्यात आपल्याला हरवले आणि १९२८ नंतर प्रथमच भारताविना ऑलिम्पिक हॉकी होणार हे नक्की झाले. कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. १९९४ पासून महासंघाच्या अध्यक्षपदी असलेल्या के. पी. एस. गिल यांनी दिला नाही. अखेर एप्रिलमध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेने महासंघच निलंबित केला.

त्यानंतर कारभार बदलला, हॉकी इंडिया आली, मैदाने सुधारली, ओडिशा सरकारचा भक्कम आधार मिळाला. पण प्रशिक्षकाच्या खुर्चीचे पाय काही स्थिर झाले नाहीत. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत होजे ब्रासा, मायकेल नॉब्ज, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन ॲस, रोलंट ओल्टमन्स, श्योर्ड मारिन आणि हरेंद्र सिंग असे सात जण येऊन गेले. वॉल्श यांच्या काळात २०१४ साली इंचॉनला आशियाई सुवर्ण मिळाले आणि रिओ ऑलिम्पिकची जागाही पक्की झाली. काही आठवड्यांतच मतभेदांमुळे ते घरी परतले. त्यांच्या जागी आलेले व्हॅन ॲस पदाधिकाऱ्यांशी खटका उडाल्यावर काही महिन्यांतच गेले.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या हॉकीत प्रशिक्षक केवळ पराभवामुळे गेलेला नाही. अनेकदा तो वरच्यांशी पटले नाही म्हणून गेला. पराभव झाला असेल तर त्याला काढायला निमित्त मिळते, एवढेच. आणि आपण प्रेक्षक ‘काढा, काढा’ म्हणून ओरडतो तेव्हा हे निमित्त आपणच पुरवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोर मात्र जनतेने आणून द्यायचा.

प्रशिक्षक गेला की त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे संघाची आठवण. कोणता खेळाडू कोणत्या क्षणी गडबडतो, कोणाला रागावले की तो पेटतो आणि कोण मिटून जातो, हे वहीत लिहिलेले नसते. पंजाब, ओडिशा, मणिपूर, केरळ अशा चहूकडून आलेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांना ओळखायलाच वर्ष जाते. नवा माणूस नवी पद्धत आणतो. मुले ती शिकतात न शिकतात तोच तो निघालेला असतो.

रीड यांचे वेगळेपण इथे आहे. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या या ऑस्ट्रेलियन गृहस्थाला जवळजवळ चार वर्षे मिळाली. टोकियोत २५ जुलै २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असे धुऊन काढले. दिल्लीचा १९८२ चा तोच आकडा. पण या वेळी कोणाचा बळी दिला गेला नाही. पराभवाची उजळणी झाली, चुका दुरुस्त झाल्या, आणि अकराव्या दिवशी मनप्रीत सिंगच्या संघाने जर्मनीला ५-४ असे हरवून एकेचाळीस वर्षांनी ऑलिम्पिक पदक आणले.

मग भुवनेश्वरनंतर रीडना ठेवायला हवे होते का? इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. विश्वचषक संपताच ३० जानेवारीला रीड यांनी राजीनामा दिला. राजीनामा स्वीकारणाऱ्या हॉकी इंडियाचे अध्यक्ष होते दिलीप तिर्की, म्हणजे अथेन्सला ऐन वेळी प्रशिक्षक बदलला गेला तेव्हाचा कर्णधार. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रेग फुल्टन यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोऊला जपानला ५-१ असे हरवून आशियाई सुवर्ण आले. २०२४ साली पॅरिसला स्पेनला २-१ असे नमवून पुन्हा ऑलिम्पिक कांस्य मिळाले. म्हणजे प्रशिक्षक बदलल्याने फायदाच झाला, असे दुसरा तट म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे.

पण काय बदलले आणि काय बदलले नाही, हे बघा. कर्णधार बदलला नाही. ज्याच्या डोक्यावर खापर फोडायला लोक निघाले होते, त्या हरमनप्रीतने पॅरिसला दहा गोल केले. संघाचा गाभा बदलला नाही. माजी कर्णधार मनप्रीत नव्या कर्णधाराच्या हाताखाली निमूटपणे खेळत राहिला. आणि जे बदलले ते निदान करून बदलले. न्यूझीलंडविरुद्ध आघाडी घालवली, म्हणजे दुखणे बचावात आणि मनात होते. संघाला मानसिक तयारीसाठी तज्ज्ञ हवा, हे रीड यांनीच पराभवानंतर सांगितले होते. ते जाताना सांगून गेलेले काम नव्या व्यवस्थेने पुरे केले. पॅडी अप्टन यांना बोलावण्यात आले. फुल्टन यांनी बचाव पक्का करण्यावर भर दिला. पॅरिसला उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले, दहा जणांनी तीन डावांच्या आसपास ग्रेट ब्रिटनला थोपवले आणि १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउट ४-२ असा जिंकला. भुवनेश्वरला जिथे पाय लटपटले होते, तिथेच या वेळी ते रोवले गेले.

परदेशी की देशी हा तिसऱ्या तटाचा वादही याच कसोटीवर घासून पाहावा. हरेंद्र सिंग यांच्या हाताखाली २०१६ साली लखनौला आपल्या कुमारांनी विश्वचषक जिंकला. त्या संघात हरमनप्रीत होता. २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या श्रीजेशकडे लगेच कुमार संघ सोपवण्यात आला. देशी प्रशिक्षक घडवायचे तर ते असे खालून घडवावे लागतात. परदेशी पाहुणा हरल्यावर रागाच्या भरात नेमून ते घडत नाहीत.

याची परीक्षा २०२५ मध्ये पुन्हा झाली. जूनमध्ये प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात भारत सलग सात सामने हरला, बहुतेक एकेका गोलच्या फरकाने. पुन्हा तेच तट, पुन्हा तोच प्रश्न. फुल्टन आणि हरमनप्रीत दोघेही जागेवर राहिले. ७ सप्टेंबरला राजगीरला कोरियाला ४-१ असे हरवून त्यांनी आशिया चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकाचे तिकीट मिळवले.

याचा अर्थ कोणालाच कधी काढू नये असा नव्हे. पण हॉकीप्रेमींनी रागवायचे ते योग्य ठिकाणी रागवावे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होऊ नये. पुढच्या पराभवानंतर ‘कोणाला काढायचे’ याआधी चार प्रश्न विचारता येतील. नेमका कुठला भाग कोसळला? तो कोणाच्या अखत्यारीतला होता? त्याला ते काम करायला वेळ आणि मोकळीक दिली होती का? आणि चौथा, जो आपण बहुधा विसरतो: त्याला नेमणाऱ्यांनी आपल्या निर्णयाचा जाब दिला का?

पराभव पुढेही होणार आहेत. जगात आता कोणीच कायम जिंकत नाही. त्या रात्री हरमनप्रीतला काढले असते तर आपला राग शांत झाला असता, आणि पॅरिसला ते दहा गोल करायला तो नसता.