पाठीवर बसण्याआधी

मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्यापुढे थेसलीच्या एका व्यापाऱ्याने घोडा विकावयास आणला. किंमत १३ टॅलेंट. घोडा मात्र कोणालाही पाठीवर बसू देईना. राजाने चिडून तो परत नेण्यास सांगितले. राजपुत्र अलेक्झांडर हे पाहत होता. घोडा माणसांना नव्हे, तर समोर हलणाऱ्या स्वतःच्याच सावलीला बुजतो आहे, हे त्याने ओळखले. लगाम धरून त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळविले, काही अंतर त्याच्या बरोबरीने गेला, अंगावरून हात फिरविला आणि मगच स्वार झाला. बुसेफेलस नावाच्या या घोड्याची हकिकत ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितली आहे. लोकांच्या स्मरणात स्वारी राहिली. तिच्या आधीचे जमिनीवरचे ते काही क्षण विस्मरणात गेले.

घोडा हा मूळचा भक्ष्य होणारा प्राणी. पळून जाणे हेच त्याचे संरक्षण. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते. परंतु कपाळासमोरचे अगदी निकटचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. अशा जिवाच्या पाठीवर अवचित वजन आले, तर ते त्याला झडप घालणाऱ्या श्वापदासारखे वाटले तर नवल नाही.

म्हणून जाणता शिक्षक कोऱ्या घोड्यासोबत प्रथम पायी चालतो. दोरी किंचित ताणायची आणि घोड्याने एक पाऊल टाकताच ती तत्काळ सैल सोडायची. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस असते. पुढे थांबणे, मागे सरणे, लांब दोरीवर वर्तुळात फिरणे शिकवायचे. खोगीर आधी हुंगू द्यायचे, मग अलगद पाठीवर ठेवायचे. तंगही टप्प्याटप्प्यानेच आवळायचा. मान खाली आली, जबडा सैल झाला, श्वास संथ झाला, की पुढची पायरी. मान ताठ आणि नजर भेदरलेली असेल, तर एक पायरी मागे.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोनने अश्वविद्येवरील ग्रंथात हेच सांगितले. घोडा एखाद्या वस्तूला भ्यायला, तर ती निरुपद्रवी असल्याचे त्याला दाखवावे आणि त्याला हळुवारपणे तिच्याजवळ न्यावे. मारून नेल्यास भय वाढते. कारण वेदना त्या वस्तूमुळेच झाली, असे घोडा समजतो.

मराठीत घोडा शिकविणाऱ्याला ‘चाबुकस्वार’ म्हणतात. त्या शब्दातील चाबूक जैन मनाला खटकावा. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. व्यापारी माणसाचा माल शतकानुशतके घोड्याबैलांच्या पाठीवरून गेला. त्यामुळे हे अतिचार त्याच्या रोजच्या व्यवहारालाच भिडणारे होते. अतिभार केवळ मणांत मोजता येत नाही. ज्याची तयारी झालेली नाही, त्याच्यावर टाकलेला हलका भारही अतिभारच ठरतो.

पेढीवर नव्याने बसणारा मुलगा, घरात नव्याने आलेली सून, यांच्याकडूनही पहिल्याच महिन्यात भरधाव चालीची अपेक्षा केली जाते. ते अडखळले की शब्दांचा चाबूक उगारला जातो. त्याऐवजी वडीलधाऱ्यांनी काही दिवस त्यांच्या बरोबरीने चालावे. विश्वासाची पत एका दिवसात उभी राहत नाही. ती थोडी थोडी जमा होते आणि एका फटक्यात बुडू शकते.